पाणकराच्या बांधीला शेवटचं पाणी

पळसटोल्यात दसऱ्याच्या आगेमागे एक भांडण ठरलेलं असे. भांडण नवराबायकोचं, पण ते व्हायचं नहरीच्या, म्हणजे तलावाच्या पाटाच्या, कडेला, उघड्यावर. त्यामुळे ऐकायला सगळं गाव मोकळं. नवरा ईश्वरदास गावच्या तलावाचा पाणकर. म्हणजे पाऊस उघडला आणि धान लोंब्या टाकायला, निसवायला आलं की तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, भाताच्या खाचराला, कधी आणि किती सोडायचं ते ठरवणारा, आणि खांद्यावर फावडं टाकून नहरीच्या कडेकडेनं फिरत ते स्वतः सोडणारा माणूस. बायको सुभद्राबाई धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, टोळीची म्होरकी. गावभरच्या बायका चिखलात एका ओळीत वाकवायच्या तर आवाज लागतो, आणि तो देताना देवानं हात आखडता घेतला नव्हता.

तलाव ईश्वरदासच्या पूर्वजांनीच बांधलेला. त्या घराण्यानं गावाला तलाव दिला आणि स्वतःच्या गळ्यात एक नियम बांधून घेतला. पाणी आधी नहरीच्या शेपटाला, मग एकेक बांधी वर येत येत तोंडाला. आणि पाणकराची बांधी कुठंही असो, तिला सगळ्यांच्या शेवटी. ईश्वरदासची बांधी नेमकी तोंडाशीच. सगळ्या गावाचं पाणी तिच्या उशाशी खळखळत खाली जायचं आणि ती बापडी ओठ चाटत बसायची.

"तळे राखी तो पानी चाखी, असं सारी दुनिया म्हनते," सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून सुरू करत. "तुमीच एक जगायेगळे! पानी आपल्या दारावरून जाते न आपलं धान तोंड वासून पाह्यत राह्यते."

"तो राखनारा येगळा," ईश्वरदास फावड्यावर रेलून म्हणे. "मी पानकर आहो."

मग बापापासून आजोबापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. ईश्वरदासही काही संत नव्हता. नाकाच्या शेंड्यावर राग, तोही दोन शब्द सुनवायचा. शेवटी साऱ्या गावाचं पाणी झालं की तो आपल्या बांधीशी यायचा, उजव्या टाचेनं चिखलाचा बांध फोडायचा आणि उरलंसुरलं पाणी आत घ्यायचा. फावडं मोठ्या कामाला. बांधीचं तोंड उघडायचं आणि मिटायचं ते टाचेनं, असा त्याचा हात, म्हणजे पायच, बसलेला.

"एवढंसंच?" सुभद्राबाई विचारत.

"पुरते," ईश्वरदास म्हणे.

आणि ओढूनताणून का होईना, पुरायचं. भांडण तिथं संपायचं आणि दोघं एकाच वाटेनं घरी यायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. खरं सांगायचं तर सुभद्राबाईंना त्या नियमाचा जितका संताप होता, तितकाच तो पाळणाऱ्या माणसाचा अभिमान होता. पण हे कबूल करतील तर त्या सुभद्राबाई कसल्या.

एका साली दिवाळी होऊन मळण्या सुरू झाल्या होत्या. इकडे मळणी झाली की डांबरी रस्ता हेच खळं. अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घालायचं आणि त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेनं डोक्याएवढे दगड मांडून ठेवायचे, ही आमची अक्कल. ईश्वरदास आमगावहून मोटरसायकलवर परतत होता. दिवेलागणीची वेळ, समोरून ट्रकचा झोत, आणि चाक गेलं धानावर. धान्यावरून चाक घसरतं तसं चिखलावरूनही घसरत नाही. डोकं आपटलं ते त्या राखणीच्या दगडांतल्याच एकावर. हेल्मेट घरी खुंटीला होतं. त्यात सुभद्राबाईंनी लसूण ठेवला होता.

नागपूरला नेलं, कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं, जीव वाचला. पण घरी आला तो ईश्वरदास वेगळाच होता. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, उजवा पाय फरफटत होता, आणि बोलणं सगळं पुसून एकच शब्द उरला होता, "हाव," म्हणजे हो. जेवता का? हाव. दुखते का? हाव. मी कोन आहो, बायको का म्हैस? हाव. राग तर कुठल्या कुठं गेला होता. कुणी काही करो, तो शांतपणे बघत राही. लोक म्हणत, किती गुणी पेशंट. सुभद्राबाईंना मात्र त्या शांतपणाची भीती वाटायची. अंगणात बाजेवर बसलेला माणूस आपल्याच नवऱ्याचा सदरा घालून आलेला कुणी पाहुणा आहे, असं त्यांना वाटे.

गावानं मात्र माया केली. ज्यानं आपल्याला पाणी वाटलं त्याचं करणं लोकांनी आपसात वाटून घेतलं. कुणी उचलून अंगणात आणायचं, कुणी भरवायचं, कुणी पाय चेपायचे. नहरीच्या अगदी शेपटाला ज्याची बांधी, तो छोटेलाल रोज सकाळी येऊन दाढी करून द्यायचा. "ईश्वरभाऊनं आमाले कदी कोरडं ठेवलं नाई," एवढंच तो म्हणायचा. तिरोड्याला दिलेली मुलगी पुष्पांजली येऊन राहिली, तिनं बापाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. ईश्वरदास सगळ्यांना हाव म्हणत होता आणि दिवसेंदिवस बाजेच्या आकाराचा होत चालला होता.

गोंदियाच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या टीना मॅडम भेटल्या त्या या वेळेला. बाजारपेठेतल्या व्यापारी घरातली पोर, बोलणं अर्धं हिंदी, हसणं पूर्ण. त्यांनी ईश्वरदासचे हातपाय हलवून पाहिले आणि विचारलं, "मावशी, घरपे इनका सब कौन करता है?"

"सारं गाव करते जी," सुभद्राबाई अभिमानानं म्हणाल्या. "यायले बोटसुद्धा हलवू देत नाई."

"बस, वही बंद करना है," टीना मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. डोक्याला मार लागला तेव्हा मेंदूच्या ज्या पेशी मेल्या त्या गेल्या, त्यांचं रडू नका. पण शेजारच्या पेशी जिवंत आहेत. त्या नवे धुमारे फोडू शकतात, एकमेकींना नव्यानं जोडल्या जाऊ शकतात, मेलेल्यांचं काम थोडंफार उचलू शकतात. त्यासाठी मेंदूत एक रसायन लागतं, खरं तर पुष्कळ रसायनं. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव बीडीएनएफ. पेशींना जगवतं, फुटवे फोडायला लावतं.

"म्हंजे खत," सुभद्राबाई म्हणाल्या.

"खतच समजा."

"मंग त्याचं इंजेक्शन देऊन टाका न जी."

टीना मॅडम हसल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना प्रत्येक घर विचारायचं, आणि बरोबरच विचारायचं. त्या म्हणाल्या, दुनियाभर लोक त्याच्याच मागे लागलेत. पण रक्तात घातलेली चीज मेंदूत सहजासहजी शिरत नाही, मेंदूला पक्का पहारा असतो. शिरली तरी नको तिथं पोचली, जास्त झाली, तर फिट येऊ शकते, दुखणी लागू शकतात. उंदरांत जमलेलं माणसांत जमेलच असं नाही. आज तरी ईश्वरकाकांना टोचण्यासारखं काही नाही. कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. "लेकिन मेंदू खुद बनाता है. चालण्यानं बनतं, नवीन शिकण्यानं बनतं, गाढ झोपेनं बनतं. हात वापरला तर हाताकडे लक्ष देतो, नाही वापरला तर तो हात विसरून जातो."

सुभद्राबाईंनी ते ऐकलं आणि पदर खोचला. गावाला दुसऱ्याच दिवशी बजावलं, ज्याला माया करायची त्यानं अंगणाबाहेर उभं राहून करावी. छोटेलालच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि नवऱ्यापुढं आरसा अन् साबणाचा ब्रश ठेवला. पाण्याचा पेला उठल्याशिवाय हात पुरणार नाही अशा ठिकाणी गेला. ईश्वरदासनं उजव्या हातानं भात खायचा, अर्धा सांडला तरी चालेल, पण भरवायचं कुणी नाही. पुष्पांजली रडली, "आई, तू त्याईले तरास कायले देऊन राहिली वं?" म्हणून हातापाया पडली, आणि शेवटी रागावून तिरोड्याला निघून गेली.

इथवर ठीक होतं. पण सुभद्राबाई म्हणजे रोवणीच्या बाई. जमीन ओली आहे तोवर पूर्ण शेत लावून मोकळं व्हायचं, हा त्यांचा जन्माचा हिशेब. कामानं खत तयार होतं ना? मग जास्त काम, जास्त खत. पहाटे उठवून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालवायचं, मग शेंगा सोलायला, मग दोरी वळायला, दुपारी डोळा लागला की हलवून जागं करायचं. टोळीतल्या बायांना ओरडावं तसं नवऱ्याला, "चाला, चाला, हात चालवा!" ईश्वरदास आधी थकला, मग चिडचिड न करता नुसता थिजला, आणि एके दुपारी दोरी वळता वळता त्याचे डोळे फिरले आणि अंग झटके देऊ लागलं. गाडी करून दवाखान्यात नेलं. एवढ्या आवाजाची बाई, पण साऱ्या वाटेत फक्त त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरून बसली.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. झटका कशानंही येऊ शकतो, म्हणाले, पण झोपमोड ही त्याची आवडती वाट. टीना मॅडमनी मात्र सुनावलं. "मावशी, युरिया कितीदा टाकता?"

युरिया वाटेल तेव्हा ओतला की धान नुसतं हिरवंगार माजतं आणि लोंबी धरायच्या वेळी आडवं होतं, हे सुभद्राबाईंना कुणी शिकवायला नको होतं. टाकायच्या आधी बांधीतलं पाणी उतरवायचं, टाकल्यावर मुरू द्यायचं, मग पाणी घ्यायचं. मधल्या वेळात शेतकरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून तंबाखू मळतो, आणि ते बसणंही शेतीच असतं.

"चुकलं जी माह्यं," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी हे वाक्य फार थोड्यांना म्हटलं असेल.

त्यानंतर घराला एक चाल आली. सकाळी पाळीवर जमेल तेवढं चालणं, मग विसावा. हाताचं काम, मग झोप, आणि त्या झोपेत घरात भांडंही वाजू द्यायचं नाही. सुभद्राबाई दाराशी बसून राखण करत, कोंबडीलासुद्धा दबक्या आवाजात हाकलत. हळूहळू हाताची मूठ मिटू लागली. काठी घेऊन पाय उचलू लागला. "पानी" म्हणता आलं, "भात" म्हणता आलं. रोवणीत त्या त्याला धुऱ्यावर बसवत आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या सोडवायला देत. तो सोडवी. पुरे म्हटलं की थांबे.

आणि तिथंच घोडं अडलं. सांगितलं तेवढं करायचं, नाही सांगितलं तर बसून राहायचं. स्वतःहून तो काठीलाही हात लावेना. पाणकर म्हणून गावानं आता त्याचा चुलतभाऊ गुलाबचंद नेमला होता. तो रोज येऊन तलावाची खबर सांगे, आणि ईश्वरदास पावसाळी आभाळाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघे. सुभद्राबाईंना हात हवाच होता, पायही हवा होता. पण त्यांना हवा होता तो आतला माणूस. तो शिल्लक आहे का? का त्या दगडावर तोच सांडला, आणि आपण नुसत्या हातापायांना खत घालतोय? हा प्रश्न त्यांना जेवू देत नव्हता. तो त्यांनी शेवटी टीना मॅडमना विचारला.

टीना मॅडम म्हणाल्या, "बॉल दाबणं, जुडी सोडवणं, ये सब आपका काम है. त्यांचं नाही. मेंदू जीव लावून करतो ते ज्याच्यात त्याचा जीव असतो. सोचके बताओ, इनको सबसे ज्यादा गुस्सा किस बात पे आता था?"

सुभद्राबाईंना विचार करावा लागला नाही. लग्नापासून त्या रागाशी तर त्यांचा संसार होता.

अपघाताच्या पुढच्या साली पावसानं दगा दिला. भाद्रपदातच आभाळ कोरडं झालं, तलाव अर्धाही नव्हता आणि धान निसवायला आलं. गुलाबचंदनं पाणी सोडायचा दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी सुभद्राबाई त्याच्या अंगणात गेल्या.

"उद्या पानी पयलं आमच्या बांधीले घे," त्या म्हणाल्या.

गुलाबचंद हातातली चिलीम विसरला. "वहिनी? तुमच्या? पयलं?"

"हाव."

"लोक काय म्हनतीन!"

"मले म्हनतीन. तुले कायले घाम फुटून राहिला? दोन सकाळ घे. तिसऱ्या दिवशी मी सोता चावडीवर जाऊन सांगन, दोष माह्या. पन तवरिक कोनाले बोलशील तर पाह्य." आणि मग आवाज उतरवून त्यांनी कारण सांगितलं. गुलाबचंदनं होकाराची मान हलवली.

पुढं ज्या दोन सकाळी आल्या, त्या सुभद्राबाईंनी कशा काढल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. पहिल्या सकाळी नहरीला पाणी आलं आणि सरळ पाणकराच्या बांधीत वळलं. खाली शेपटाकडे जमिनी तडकलेल्या. ईश्वरदासला त्यांनी काठी देऊन धुऱ्यावर आणून बसवलं, अगदी बांधीच्या तोंडासमोर. तो पाण्याकडे बघत राहिला. "पानी," म्हणाला, आणि हसला. बास.

गावात मात्र तोंडं सुटली. नवरा पडला अन् बाईनं तलाव गिळला. एवढी वर्षं भांडली ती याच्यासाठीच. विहिरीवर बायका त्यांना बघून बोलायच्या थांबल्या. ज्या घराण्यानं नियम केला, त्याच घरची सून तो मोडते, हे लोकांना सोसेना, आणि खरं म्हणजे सुभद्राबाईंनाही सोसत नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण आयुष्यभर ज्या नियमाशी भांडलो, त्याच्याच आधारानं या गावात मान ताठ ठेवून चाललो.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पाणी आत, ईश्वरदास धुऱ्यावर, गुलाबचंद लांब उभा राहून खोट्या कामात. तेवढ्यात नहरीच्या तळातून कुणी वर चालत आलं. छोटेलाल. पाणी का येईना ते बघायला तो शेपटापासून कोरड्या नहरीतून चालत आला होता. त्याच्या हातात त्याच्या बांधीतलं एक ढेकूळ होतं, हाडासारखं कडक. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भरलेल्या बांधीकडे त्यानं पाहिलं, मग सुभद्राबाईंकडे, आणि ढेकूळ धुऱ्यावर ठेवून दिलं.

ईश्वरदासनं ढेकळाकडे पाहिलं. मग छोटेलालकडे. मग पाण्याकडे, ते जिथून वळत होतं तिकडे. त्याच्या कपाळावर एक आठी पडली. ती आठी सुभद्राबाईंनी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

तो उठला. कुणी सांगितलं नव्हतं. काठी राहिली धुऱ्यावर आणि तो गवताला धरत खाली नहरीत उतरला, घसरला, गुडघ्यावर आला. गुलाबचंद धावला तशी सुभद्राबाईंनी त्याचा सदरा मागून पकडला. "हात लावशील तर याद राख!" ईश्वरदास उभा राहिला. डावा पाय रोवून त्यानं उजवी टाच उचलली, थरथरत, आणि चिखलावर आणली. चिखल हलला नाही. पुन्हा आणली. पाय वळला आणि तो पाण्यात बसलाच. मग तो दोन्ही हातांनी चिखल ओढू लागला. दोन्ही हातांनी. जो उजवा हात पेला धरताना दहा विनवण्या मागायचा, त्याची बोटं चिखलात रुतत होती, गोळे काढत होती, बांधीच्या तोंडात दाबत होती. पाण्याची धार बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि थांबली. वाट अडल्यावर पाणी मुकाट्यानं खाली, शेपटाकडे निघालं.

ईश्वरदासनं तोंड वर केलं. चेहरा चिखलानं भरलेला, ओठ वेडेवाकडे होत होते. शब्द वर यायला वेळ लागला, पण आला तेव्हा सगळ्या शिवारानं ऐकला.

"चोट्टी!"

आणि बोट, उजव्या हाताचं बोट, बायकोकडे.

"आपलं," तो धापा टाकत म्हणाला, "शेवटी."

सुभद्राबाई मटकन धुऱ्यावर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या ते छोटेलालला कळेना. त्यानं गुलाबचंदकडे पाहिलं, गुलाबचंदनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि छोटेलालनं ठेवलेलं ढेकूळ उचलून हळूच पाण्यात विरघळायला सोडून दिलं. "लय मोठं काळीज तुमचं वहिनी," एवढंच तो म्हणाला, आणि नहरीत उतरून त्यानं ईश्वरदासला हात दिला. ईश्वरदासनं तो हात झिडकारला. स्वतःच उठला.

मग सुभद्राबाईंनी जे केलं ते पळसटोला अजून सांगतो. ज्या बाईनं चोट्टी म्हणणाऱ्याची जीभ उपटली असती, ती गावभर घरोघर फिरून सांगत सुटली, "मले चोट्टी म्हनलं जी यायनं! सोता म्हनलं! सगळ्यायच्या समोर!" कालपर्यंत बोलणं थांबवणाऱ्या बायकांनी डोळे पुसले. टीना मॅडमना फोन गेला तेव्हा त्या दुसऱ्या पेशंटबरोबर होत्या, सुरुवातीला त्यांना वाटलं कुणीतरी शिव्या दिल्या म्हणून मावशी रडतायत. उलगडा झाल्यावर त्या फोनवरच ओरडल्या.

पण टीना मॅडम खरं बोलणारी बाई. सुभद्राबाईंनी विचारलं, "ते बीडीयन तयार झालं असन न जी डोक्यात?" तेव्हा टीना मॅडम म्हणाल्या, झालं असेल, मावशी, पण आत डोकावून मी मोजलेलं नाही. इतके महिने केलेलं चालणं, झोप, गोळ्या, त्या सगळ्याचंही असेल. रागात निघालेला शब्द उद्या शांतपणे निघेलच असंही नाही. मेहनत पुढंही आहे. आणि हे खरंच होतं. उजवा हात आजही पूर्वीसारखा नाही. वाक्य तीन शब्दांपलीकडे गेलं की ईश्वरदास वाटेत हरवतो. त्या दिवशी एवढंच कळलं की हरवलेला माणूस घरात आहे, फक्त दार जड झालंय.

पुढचे दिवस तो रोज नहरीवर गेला. पाणकर गुलाबचंदच, पण त्याच्या मागं काठी टेकत ईश्वरदास. कुणाची पाळी ते तो बोटानं दाखवी, आणि बोट खोटं दाखवत नव्हतं. लोकांनी खूप सांगितलं, औंदा तुमची बांधी मधेच भरून घ्या, कुणाची ना नाही. तो नकाराची मान हलवी. सुभद्राबाईंनीही आग्रह धरला नाही. त्या दोन सकाळींचं पाणी बांधीत केव्हाच आटलं होतं, वरचा कोपरा तोवर पिवळा पडून गेला होता, तिथल्या लोंब्या पोचट राहणार हे त्यांना दिसत होतं.

शेवटच्या दिवशी तलावात गाळ दिसू लागला होता. सगळ्या गावाचं झालं आणि पाणी पाणकराच्या बांधीशी आलं. गुलाबचंद बाजूला सरला. ईश्वरदासनं काठी बायकोच्या हातात दिली, डावा पाय रोवला आणि उजवी टाच चिखलावर आणली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बांध फुटला आणि हाताच्या मनगटाएवढी धार आत शिरली, कोरड्या जमिनीच्या भेगांत भरत, हळूहळू पुढं सरकत.

सुभद्राबाई त्या धारेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी काठी काखेत मारली, कमरेवर हात ठेवले, आणि पूर्वीच्याच आवाजात, शिवाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं विचारलं, "एवढंसंच?"

ईश्वरदासनं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कुणी घाई केली नाही.

"पुरते," तो म्हणाला.